निळा साल्व्हिया कोकणात: गणपतीत पेरा, दिवाळीत लावा

कोकणात निळा साल्व्हिया मरतो तो बहुतेक वेळा जूनमध्ये, आणि कारण रोगाचं नसतं. लावणाऱ्याने पाकिटावरची सूचना इमानाने पाळलेली असते: वसंतात पेरा, उन्हाळाभर फुलं घ्या. ती सूचना बर्फ पडणाऱ्या मुलखातली. आपल्याकडे वसंत म्हणजे चैत्र-वैशाखाची काहिली आणि तिच्या पाठोपाठ मृगाचा पाऊस. रोप जेमतेम अंग धरतं तोवर त्याची मुळं पाण्यात बुडालेली असतात.

इथे या झाडाचं वर्ष पाऊस ओसरल्यावर सुरू होतं. वाल-कुळीथ पावसामागच्या ओलीवर घेतात, तसंच याचं धरायचं. हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. गणेशचतुर्थी ते दिवाळी जवळपास आठ आठवडे असतात, आणि बियाचं रोप वाफ्यात लावण्याजोगं व्हायलाही आठच आठवडे लागतात. गणपतीत पेरलं, दिवाळीत लावलं, की मार्गशीर्षात पहिले तुरे दिसतात आणि शिमग्यापर्यंत फुलं चालतात.

नेमका कुठला

नर्सरीत नुसतं ‘साल्व्हिया’ म्हटलं तर लाल तुऱ्यांचा साल्व्हिया स्प्लेंडेन्स पुढे येतो. ‘निळा’ म्हटलं तर दोन-तीन वेगळी झाडं एकाच नावाने विकली जातात, आणि त्यांची निगा वेगवेगळी आहे. म्हणून पानं-फुलं बघून ओळखता यायला हवीत.

सगळ्यात सहज मिळणारा साल्व्हिया फॅरिनेशिया. मूळचा टेक्सास, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोचा. लांबट, अरुंद, किंचित करडी पानं, बोटभर लांबीच्या तुऱ्यावर दाटीने बसलेली लहान निळी-जांभळी फुलं. ‘व्हिक्टोरिया’ ही त्याची जुनी जात दीड फुटापर्यंत वाढते. ‘स्ट्राटा’मध्ये निळं फूल आणि पांढरा देठ असा दुरंगी तुरा येतो, तिला १९९६ मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जातींची चाचणी घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पुरस्कार मिळाला होता. ‘इव्होल्यूशन’ला तोच पुरस्कार २००६ मध्ये मिळाला. ती थोडी बुटकी, जांभळ्याकडे झुकणारी. पहिल्यांदा लावत असाल तर यांतलीच एक घ्या. बियापासून होते, स्वस्त पडते आणि चुका माफ करते.

दुसरा साल्व्हिया ग्वारानिटिका. हा ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना भागातला. पान रुंद, हिरवंगार, पुदिन्यासारखं सुरकुतलेलं; फूल दीड-दोन इंच लांब, गडद निळं, नळीसारखं. फुलामागचा कोष काळा असेल तर ती ‘ब्लॅक अँड ब्लू’ जात. वाढतो चार-पाच फूट. दमट हवा याला फॅरिनेशियापेक्षा खूपच बरी मानवते, अर्धी सावलीही चालते. एवढ्या गुणांचा असूनही नर्सऱ्यांत तो कमी दिसतो, कारण बियापासून सहसा करत नाहीत, आणि छोट्या कुंडीत तो विकण्याजोगा दिसत नाही.

तिसरा ‘इंडिगो स्पायर्स’ आणि त्याचं बुटकं भावंड ‘मिस्टिक स्पायर्स’. ‘इंडिगो स्पायर्स’ हा १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन उद्यानात आपोआप झालेला संकर; एका बाजूने तो फॅरिनेशियाचाच. तुरे फूटभर लांब आणि वाकडेतिकडे वळणारे. बी धरत नाही, त्यामुळे फुलायचा थांबत नाही. रोप मात्र फांदीपासूनच करावं लागतं. कुणी याचं बी विकत असेल तर घेऊ नका.

साल्व्हिया नेमोरोसा आणि साल्व्हिया पेटन्स यांच्या नादी लागू नये. पहिल्याला खरी थंडी लागते, दुसरा मेक्सिकोच्या डोंगराळ, थंड भागातला. फोटो कितीही मोहात पाडोत, किनाऱ्यावर ते रखडतात. हीच गोष्ट लॅव्हेंडरची. अंगणात लॅव्हेंडरची रांग हवी असं ज्यांना वाटतं, त्यांना रांगेचा तोच निळा पट्टा फॅरिनेशिया देतो. वास मात्र देत नाही, एवढं आधी मान्य करून टाकावं.

हे सगळे तुळशीच्या कुळातले. खोड बोटांत फिरवलं तर चौकोनी लागतं, पानं समोरासमोर, फुलं मंजिरीसारखी. हल्ली दुकानात मिळणारा चियाही साल्व्हियाच, साल्व्हिया हिस्पॅनिका. सब्जा मात्र तुळशीचा भाऊ.

जांभ्याची माती आणि तिचं औषध

फॅरिनेशियाचं मूळ घर चुनखडीच्या, पाणी धरून न ठेवणाऱ्या जमिनीचं. आपली जांभ्याची तांबडी माती नेमकी उलटी: आम्लधर्मी, पावसाने धुपून चुना-पोटॅश वाहून गेलेली, आणि खाली कातळ असेल तर पाणी साचवणारी. म्हणजे दोन गोष्टी आपण पुरवायच्या, निचरा आणि थोडा चुना. ग्वारानिटिकाला चुन्याची गरज नाही. त्याला आपली माती आहे तशी, फक्त शेणखत घालून चालते.

शक्य असेल तर आधी मातीचा सामू (पीएच) तपासून घ्या. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं यांच्याकडे त्याची चौकशी करता येते. सामू सहाच्या खाली असेल तर दर चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना किंवा १५० ग्रॅम विझवलेला चुना मातीत वीतभर खोल मिसळा. हे काम लावणीच्या तीन-चार आठवडे आधी, म्हणजे नवरात्राच्या सुमारास. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका. दोन्ही एकत्र आले की खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, नाकाला झोंबतं ते तेच. खत लावणीच्या आठवडाभर आधी घालावं. शिंपल्यांचा चुरा घातलात तरी चालेल, पण तो विरघळायला वर्षं लागतात. या हंगामात त्याचा भरवसा धरू नये.

निचऱ्यासाठी गादीवाफाच हवा. जांभ्याचे चिरे उभ्या कडेवर लावले की वीतभर उंची सहज मिळते. दोन चिऱ्यांमधली फट सिमेंटने बुजवू नका, पाणी तिथूनच बाहेर पडतं. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि वीतभर उंच वाफ्याला साधारण ४५ घमेली माल लागतो: २५ घमेली तांबडी माती, १२ घमेली जाड वाळू, ८ घमेली पुरं कुजलेलं शेणखत. वाळू नदीची. किनाऱ्यावरची फुकट मिळते, पण तिच्यात मीठ असतं आणि ती इतकी बारीक असते की निचऱ्याला उपयोग शून्य. वाळू महाग पडत असेल तर चिरे तासताना पडणारा चुरा चाळून घ्या आणि चाळणीवर राहिलेला खडाच तेवढा वापरा. खाली पडलेली पूड घातलीत तर पहिल्या पाण्याला वाफ्याची वीट होते.

शेणखत चाळून घेणं चुकवू नका. अर्धकच्च्या खतात हुमणीच्या पांढऱ्या, सी आकारात वळलेल्या अळ्या असतात. डिसेंबरमध्ये भरात आलेलं झाड एका दुपारी मान टाकतं, पाणी घातलं तरी उठत नाही, आणि हलकेच ओढलं तर मुळांशिवाय हातात येतं. हे काम हुमणीचं. तेव्हा उपाय नसतो; आजूबाजूची माती उकरून अळ्या वेचायच्या, एवढंच.

जागेला पाच-सहा तासांचं ऊन हवं. घराच्या पूर्वेची बाजू उत्तम, कारण फेब्रुवारीनंतर दुपारची सावली मिळते. पागोळीखाली, माडाखाली किंवा आंब्याच्या छायेत लावू नका. समुद्र नजरेच्या टप्प्यात असेल तर दुपारनंतरचा खारा वारा अडवायला पश्चिमेला झावळांचा झाप उभा करा. मिठाने पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. लोक त्याला करपा समजून औषध फवारतात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पानं धुणं हाच त्यावर उपाय.

पेरणी

बी बारीक असतं, एका ग्रॅममध्ये आठशेच्या आसपास. वर सांगितलेल्या वाफ्याला ३० रोपं पुरतात, म्हणून ५० ते ६० बिया पेराव्यात. शंभरातले साठ-सत्तर उगवले तरी बी चांगलं समजावं.

पेरायला ट्रे घ्या, किंवा डोळे फोडून भोक केलेल्या करवंट्या. भरायला दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत. माती नको, गणपतीच्या दिवसांतल्या दमटपणात मातीतली बुरशी कोवळ्या रोपांना जगू देत नाही. कोकोपीट घरच्या नारळाच्या सोडणांचं असेल, विशेषतः खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या, तर गोड्या पाण्यात तीनदा भिजवून पिळून घ्या. त्यातलं मीठ गेलं नाही तर बी उगवतं, पण पहिल्याच पानाला करपतं.

मिश्रण आधी ओलं करा, मग बी वरच ठेवून बोटाने टेकवा. उजेड मिळाला तर ते चांगलं उगवतं, म्हणून गाडायचं नाही. वरून चाळणीने गांडूळखताचा इतका पातळ थर द्या की बी अर्धवट दिसत राहील. ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिक टाका आणि तो ओटीवर किंवा पडवीत ठेवा, जिथे उजेड आहे पण ऊन-पाऊस नाही. २१ ते २४ अंश तापमान आदर्श. तिशीच्या वर उगवण घटते, म्हणून पत्र्याच्या शेडखाली ट्रे ठेवू नका. दहा ते चौदा दिवसांत अंकुर दिसतात. दिसले की प्लॅस्टिक त्याच दिवशी काढा.

यापुढचे दोन आठवडे सगळ्यात नाजूक. पाणी झारीने वरून देऊ नका. परातीत बोटभर पाणी घ्या, ट्रे त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि काढून निथळू द्या. हे सकाळी करायचं. संध्याकाळी ओला झालेला ट्रे रात्रभर ओलाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी रोपं झोपलेली दिसतात. नीट पाहिलं तर मातीला लागून खोड दोऱ्याइतकं बारीक आणि काळपट झालेलं असतं. असं रोप वाचत नाही. ते आणि भोवतालचं दोन बोटं मिश्रण चमच्याने काढून टाका, उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात थोडंसं द्या आणि ट्रे वारा खेळेल अशा जागी हलवा. वाऱ्याने जितका फरक पडतो तितका औषधाने पडत नाही.

बीजपानांनंतरची खरी पानं चार झाली की, साधारण पाचव्या आठवड्यात, रोपं चार बाय सहा इंची पिशव्यांत वेगळी करा. उचलताना पानाला धरा. पान फाटलं तर नवं येतं, खोड दबलं तर रोप गेलं. सातव्या आठवड्यापासून रोज थोडं-थोडं ऊन दाखवा: पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग वाढवत जा.

पेरणी हुकली असेल तर दसऱ्यानंतर बी पेरण्यापेक्षा तयार रोपं आणलेली बरी. उशिरा पेरलेलं जानेवारीअखेर फुलतं आणि मार्चच्या उकाड्यात संपतं. त्या चार-सहा आठवड्यांसाठी एवढा खटाटोप नको. रोप विकत घेताना फुललेलं घेऊ नका. पान उलटून पाहा, पांढरी माशी उडते का ते. पिशवीच्या तळातून तपकिरी मुळांचा गुंता बाहेर आलेला असेल तर ते रोप फार दिवस पडून आहे.

लावणी आणि शेंडा

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याला आली तर घाई करू नका. परतीच्या पावसाची गडगड थांबून सकाळी दव पडायला लागलं की लावा. फॅरिनेशिया ३० सेंटिमीटरवर, एकाआड एक. ‘मिस्टिक स्पायर्स’ ४५ वर. ‘इंडिगो स्पायर्स’ आणि ग्वारानिटिका यांना हातभर, म्हणजे ६० ते ७५ सेंटिमीटर. दाट लावलं की सुरुवातीला छान भरगच्च दिसतं, आणि जानेवारीत मधल्या झाडांची खालची पानं पिवळी पडून गळतात. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच ठेवा. खोड मातीत गाडलं तर मुळं जास्त फुटतील हे टोमॅटोचं गणित. इथे खोड कुजतं.

शेंडा खुडायला कुणाचंच मन होत नाही, आणि बागेतल्या बहुतेक काटकुळ्या साल्व्हियांचं मूळ तिथेच आहे. रोप चार-पाच इंचांचं झालं की खालून तिसऱ्या पानजोडीच्या वर नखाने शेंडा खुडा. फूल दोनेक आठवडे लांबतं, पण एकाच्या जागी चार ते सहा तुरे मिळतात. सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे रोप अजून पिशवीत असताना, लावणीच्या आठवडाभर आधी. पहिलाच तुरा दिसू लागला असेल तर तोही कापा. ‘मिस्टिक स्पायर्स’ला खुडणं नसलं तरी चालतं, ग्वारानिटिकाला एकदा हवंच.

लावणीनंतर भाताचं तूस किंवा चिरडलेला पातेरा (वाळका पाला) दोन बोटं जाडीने पसरा, खोडापासून तीन बोटं जागा मोकळी सोडून. घरी कोंबड्या असतील तर वाफ्याला पंधरा दिवस जाळी हवी. तुसात दाणे शोधायच्या नादात त्या एका सकाळीत तीसच्या तीस रोपं उकरतात.

पाणी आणि खत

डिसेंबर-जानेवारीत वाफ्याला दर चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं. आच्छादन असेल तर एक दिवसाआड ८ ते १० लिटर द्या. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला. ओल लागली तर थांबा. दुपारी पानं थोडी सुकल्यासारखी दिसली म्हणून धावू नका, संध्याकाळी ती पुन्हा ताठ होतात. सकाळीच मलूल असतील तर मात्र पाणी कमी पडतंय, किंवा मूळ कुजलंय. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी फेब्रुवारीपासून मचूळ होत जातं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजा. अशा कुंडीत महिन्यातून एकदा गोडं पाणी इतकं ओता की तळातून भरपूर वाहून जाईल.

खताचा हात आखडता ठेवा. शेणखत घातलेल्या वाफ्याला पहिला बहर कापल्यानंतर झाडामागे दोन मुठी गांडूळखत पुरे. जास्त नत्र झालं तर पानं मोठी, काळपट हिरवी होतात, दोन पानजोड्यांमधलं अंतर वाढतं, तुरे कमी येतात आणि जे येतात ते आडवे पडतात. युरियाचं नाव काढू नका. सोडणांची राख मात्र इथे कामाची आहे. तिच्यात पोटॅश भरपूर असतो आणि ती मातीची आंबटाई कमी करते. दर चौरस मीटरला ५० ग्रॅम, हंगामात एकदा. मीठकट पाण्याच्या बागेत तीही नको.

कुंडीसाठी दहा इंची कुंडीत एक झाड. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू, एक भाग धुतलेलं कोकोपीट. कुंडीतलं खत लवकर धुपून जातं, म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पोटॅश सारखे) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम मिसळून दर पंधरा दिवसांनी पाव लिटर द्या.

पांढरं दिसलं की घाबरण्याआधी

डिसेंबरात हमखास येणारी तक्रार: तुऱ्यावर भुरी आली, किंवा पिठ्या ढेकूण पडला. आधी तुरा डोळ्यांजवळ घ्या. फॅरिनेशियाच्या फुलाखालचा कोष आणि तुऱ्याचा देठ यांच्यावर बारीक पांढऱ्या केसांची लव असते; त्यामुळे तो पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो. लॅटिनमध्ये पिठाला फॅरिना म्हणतात, आणि झाडाचं नाव त्यावरूनच पडलं. ही लव सारख्या जाडीची असते आणि बोटाने पुसली जात नाही. पुसलं तर जाणारा, पानाच्या वरच्या बाजूला गोल डागांनी सुरू होऊन पसरणारा पांढरा थर म्हणजे भुरी. पानाच्या बेचक्यात कापसाचा बोळा दिसला, काडीने दाबल्यावर चिकट ओल आली, तर तो पिठ्या ढेकूण. या तीन पांढऱ्यांत गल्लत केली तर औषधाचे पैसे आणि फुलं दोन्ही जातात.

भुरी येते ती जानेवारी-फेब्रुवारीत, दिवसा गरम आणि रात्री दव अशा हवेत, दाट लावलेल्या वाफ्यात. खालची डागाळलेली पानं काढा, मधल्या दोन-चार फांद्या कापून वाट मोकळी करा. वाढलीच तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही ऊन उतरल्यावर. बत्तीस अंशांच्या वर पारा असताना गंधक फवारलं तर पानं भाजतात, आणि निंबोळी तेल फवारून दोन-तीन आठवडे झाले नसतील तर गंधक मारू नये.

मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांना निंबोळी तेल ५ मिली आणि अंगाचा पातळ साबण १ ते २ मिली, लिटरभर पाण्यात. पानांच्या खालून फवारा, दर सात दिवसांनी असं तीनदा. फेब्रुवारीअखेर पान वरून पिवळसर ठिपक्यांनी फिकं पडलं आणि खाली बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. त्याला कोरडं आवडतं. नळीने पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार झोत चार दिवस रोज सकाळी मारला तरी निम्मं काम होतं. तुऱ्यांवर औषध फवारू नका. तिथे दिवसभर मधमाश्या असतात.

फुलाची करामत बघायची असेल तर फॅरिनेशियाचं ताजं फूल तोडा आणि झाडूची अगदी बारीक काडी त्याच्या घशात हळूच ढकला. आतले दोन पुंकेसर तरफेसारखे खाली झुकतात आणि काडीला पराग लावतात. मधमाशीच्या पाठीला पराग लागतो तो असाच. ग्वारानिटिकाची नळी मात्र लांब; तिथे शिंजीर पक्षी येतात, आणि काळे भुंगे समोरून न जाता नळीच्या बुडाला चीर पाडून मध चोरतात. चिरलेली फुलं दिसली तर कीड समजू नका.

कापणी

तुऱ्यातली खालची फुलं झडून निम्मा तुरा रिकामा झाला की कापा. नुसता तुरा तोडायचा नाही; खाली येत-येत जिथे बगलेत नवे फुटवे दिसतात त्या पानजोडीच्या वर कापा. तीन-चार आठवड्यांत दुसरा बहर येतो. असे तीन बहर मिळाले म्हणजे हंगाम साधला.

फुलदाणीसाठी तुऱ्याची खालची एक तृतीयांश फुलं उमलली असताना पहाटे कापा; पाणी रोज बदललं तर आठवडा टिकतो. फॅरिनेशिया सुकवताही येतो आणि रंग बराचसा धरतो. आठ-दहा तुऱ्यांची सैल जुडी उलटी, अंधाऱ्या आणि हवेशीर खोलीत टांगा. हे डिसेंबर ते फेब्रुवारीतच जमतं. मार्चपासून हवेतला दमटपणा वाढतो आणि जुडीच्या मध्यात बुरशी धरते. सुकलेले तुरे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात लिबलिबीत होतात.

बी ठेवायचं तर चार-पाच तुरे झाडावर वाळू द्या. प्रत्येक कोषात जास्तीत जास्त चार दाणे असतात आणि पिकले की आपोआप सांडतात, म्हणून तुऱ्यावर कागदी पिशवी बांधून ठेवा. संकरित जातीचं बी आईसारखं येईलच असं नाही. बाटलीत तळाला मूठभर भाजून गार केलेले तांदूळ घाला, वर कागदाच्या पुडीत बी, आणि बाटली फ्रिजमध्ये.

शिमग्यानंतर

फॅरिनेशिया बहुवर्षायू आहे खरा, पण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीसारख्या ठिकाणी त्याला उघड्यावर जगवण्याचा हट्ट नको. एप्रिलमध्ये उपटून कंपोस्टात टाका आणि गणपतीत नवं बी पेरा. एखादी जात फारच आवडली असेल तर चार-पाच झाडं कुंडीत घ्या.

फांदीपासून रोपं करायची ती मार्चच्या आत. तुरा नसलेला, वाकवल्यावर कट्‌कन मोडेल असा तीन-चार इंची शेंडा घ्या, गाठीच्या लगेच खाली धारदार पात्याने कापा, वरच्या दोन पानजोड्या ठेवून पानं निम्मी छाटा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट. वर पाण्याच्या बाटलीचा कापलेला अर्धा भाग टोपीसारखा ठेवा, बूच उघडं. सावलीत दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. ‘मिस्टिक’ आणि ‘इंडिगो’ला एवढाच मार्ग.

ग्वारानिटिका उंच वाफ्यात असेल तर मे अखेर फूटभर ठेवून छाटा आणि तिथेच राहू द्या. वर पालापाचोळा नको, गोगलगायी त्याखाली वस्ती करतात. सपाट जागेत असेल तर खणून काढा. मुळांवर काळपट, जाड गाठोडी दिसतील. ती बुडख्याला धरूनच ठेवा. सुटी झालेली गाठ सहसा फुटत नाही. कोरड्या वाळूच्या कुंडीत पुरून पडवीत ठेवा.

पावसाळ्यात कुंड्या छपराखाली, पण भिंतीपासून हातभर लांब आणि दोन विटांवर. पाणी दहा दिवसांनी, तेही माती कोरडी लागली तरच. हवेतल्या ओलीवर झाड तग धरतं. वाढताना दिसत नाही म्हणून खत घालू नका. आठवड्यातून एकदा रात्री बॅटरी घेऊन कुंडीचा तळ बघा, गोगलगायी दिवसा तिथेच चिकटून बसतात. श्रावणात उघडीप पडली की बुडातून कोवळे फुटवे येतात. जुन्या काळ्या काड्या तेव्हा कापून टाका आणि कुंडी ओटीच्या उजेडाच्या कडेला सरकवा.